बुधवारचं पाणी

गिऱ्हाइकाने कोट हातात घेतला, डाव्या बाहीवरून अंगठा फिरवला, कोपराच्या जरा वर थांबला आणि म्हणाला, "इथे होतं ना भोक?" त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट कौतुकच होतं. किती छान बुजवलंय असंच त्याला म्हणायचं होतं, आणि तसं म्हणून, कोट खांद्यावर टाकून, दाराची घंटी किणकिणवत तो गेलाही. मी काउंटरपाशी तशीच उभी राहिले. या लाँड्रीच्या मागच्या खोलीत, खिडकीशी, एका उंच स्टुलावर बसून मी चौतीस वर्षं रफू करते आहे, आणि चौतीस वर्षांत कुणाचा अंगठा नेमक्या जागी थांबला नव्हता. गिऱ्हाइकं शोधतात. तो एक खेळच असतो. कापड उजेडाकडे धरतात, उलटं करतात, बायको म्हणते इथे होतं, नवरा म्हणतो छे, इथे, आणि मी आत मान खाली घालून ऐकत असते. ते हरले की मला जे वाटतं त्याला गर्व म्हणायचं माझ्याच्याने होत नाही. रोज संध्याकाळी दिव्यापुढे बसते तेव्हा त्याची माफीही मागते. पण वाटतं खरं. शिंप्याचं काम लोक मिरवतात. रफूगाराचं काम दिसलं तर ते काम झालंच नाही. मला हे पहिल्यापासून मानवलं होतं. आपण होतो आणि आपण दिसलो नाही, यापेक्षा चांगलं काय असतं? जगाचा जो सांभाळ करतो तोही असाच कुठेतरी खिडकीशी बसला असेल, धागे जुळवत, असं मला पुष्कळदा वाटतं. आणि आता एका परक्या माणसाचा अंगठा बरोबर माझ्यावर येऊन थांबला होता.

"माई, काय झालं? पैसे कमी दिले का त्याने?" इस्त्रीवाल्याने विचारलं. तो माझ्या पाठीमागे वाफेच्या इस्त्रीवर उभा असतो, बावीस वर्षं झाली, आणि सगळे त्याला वाफोबा म्हणतात. तो स्वतःही फोनवर तसंच सांगतो. मी म्हटलं, "नाही रे. त्याला जागा सापडली." वाफोबाने इस्त्री उभी केली. त्याला या वाक्याचा अर्थ कळला, म्हणून तो काहीच विनोद करेना, आणि वाफोबा विनोद करत नाही म्हणजे गोष्ट खरोखरच वाईट आहे हे मला कळलं. मी स्टुलावर परत जाऊन बसले आणि बोटं पाहिली. बोटं माझीच होती पण गेले काही महिने ती दुसऱ्या कुणाकडून मागून आणल्यासारखी वागत होती. टोकं गार, पांढरट. सुई धरली आहे हे डोळ्यांनी बघून कळायचं. रफूत धागा उचलायचा असतो तो डोळ्यांनी नाही. एक उभा सोडायचा, एक घ्यायचा, एक सोडायचा, एक घ्यायचा, हे बोटाच्या टोकाला आपोआप कळत जातं, नामजपासारखं. मागून आणलेल्या बोटांना ते कळत नव्हतं. त्यांनी कुठेतरी दोन उभे एकदम घेतले असणार, आणि कापडाला तिथे एक बारीक गाठ झाली असणार, डोळ्याला न दिसणारी, अंगठ्याला कळणारी. हे गोळ्यांमुळे होत होतं. गोळ्या छातीसाठी होत्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं की हातपाय गार पडतील, जरा जडजड वाटेल. मला त्या वेळी वाटलं होतं, वाटू दे, या वयात कोण हलकं असतं?

छातीचं सुरू झालं त्याला दोन वर्षं झाली. दुखलं वगैरे काही नाही. जिना उतरताना अजून एक पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि पायरीच नसावी, तसं छातीच्या आत झालं. मग दोन पायऱ्या एकदम. मग कुणीतरी आत घाईघाईने वर-खाली पळत सुटल्यासारखं. मी घरी येऊन काही बोलले नाही. पण आमचे हे बसच्या डेपोत टाइमकीपर होते, सदतीस वर्षं फेऱ्यांच्या वेळा लिहिल्या, डेपोत त्यांना घड्याळबुवा म्हणत, आणि त्यांच्यापासून उशीर कधी लपत नाही. "हात दे बघू," म्हणाले. मनगट धरून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बराच वेळ बसले. मग गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "अगं, तुझी ही अकरा पाचची आलीच नाही. आणि अकरा सहा, अकरा सात एकामागे एक दोन्ही आल्या."

"मग प्रवाशांनी काय करायचं?"

"प्रवाशांनी मुकाट डॉक्टरकडे जायचं."

असं सगळं हसत हसत सुरू झालं. डॉक्टरीणबाई तरुण, केस आखूड, बोलताना पेनाचं टोपण काढायची-लावायची सवय. त्यांनी ठोक्यांची ईसीजी पट्टी काढली, चित्र काढून दाखवलं, हृदयाचा वरचा कप्पा कधीकधी सुराबाहेर थरथरतो म्हणाल्या. दोन गोळ्या दिल्या, दोन्ही सकाळी आठला: एक ठोके आवरायची, एक रक्त पातळ ठेवायची, म्हणजे आत गुठळी धरून ती मेंदूत जायला नको. सहा महिन्यांनी ठोक्यांची गोळी दुप्पट केली. पुन्हा सहा महिन्यांनी तिप्पट. दर खेपेला त्या विचारायच्या, "काकू, गोळ्या नियमित घेता ना?" आणि मी म्हणायची, "हो, अगदी नेमाने." हे मी खोटं बोलत नव्हते. मी जे मानत होते तेच सांगत होते, आणि माझ्या मानण्यात किती मोठं भोक आहे ते मला दिसत नव्हतं. दुसऱ्याच्या कोटातली कसर मी चार हातांवरून ओळखते.

माझे नेम फार नाहीत. पहाटे उठून दिवा, एक माळ जप, दुपारपर्यंत कुणाबद्दल उणं बोलायचं नाही, दुपारनंतर जमलं तर नाही, आणि बुधवार. बुधवारी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत ओठांच्या आत काही घ्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही. एकतीस वर्षांत एक बुधवार चुकला नव्हता, तापात नाही, प्रवासात नाही. मग गोळ्या सुरू झाल्या तेव्हा बुधवारी त्या घ्यायच्या नाहीत हे मी ठरवलंसुद्धा नाही, ते ठरलेलंच होतं. गोळी पाण्याशिवाय गिळता येत नाही, पाणी तर बुधवारी नाही. संध्याकाळी का घेतली नाही, असं मला नंतर सगळ्यांनी विचारलं. सकाळची गोष्ट संध्याकाळी कशी करायची? पहाटेचा दिवा राहिला तर मी तो दुपारी लावत नाही. ज्याची वेळ टळली ते टळलं. गोळी टाकायचीही नाही, औषध आहे, कुणाच्या तरी उपयोगाचं. म्हणून बुधवारच्या गोळ्या मी शिवणाच्या कपाटातल्या बटणांच्या डब्यात टाकत गेले. आणि गुरुवारी सकाळी छातीत पळापळ सुरू व्हायची, आणि मी उपासाचा वचपा काढल्यासारखी चार कप चहा पीत, मनात म्हणायची, बघ, गोळ्यांचा काही उपयोग होत नाही.

त्या गिऱ्हाइकाच्या अंगठ्याने मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं असेल तर फार थोडं, आणि तेही फार हळू आवाजात, त्यांना "काय म्हणालात?" असं दोनदा विचारावं लागलं. "गोळ्या कमी करा म्हणते. माझे हात गेले तर मी बसून काय करू?" त्यांनी टोपण लावलं, काढलं. म्हणाल्या, "काकू, असं नुसतं कमी करता येत नाही. आधी चोवीस तासांची नोंद घेऊ. छातीला तारा लावून देतील, कमरेला डबी. नेहमीसारखं वागायचं. एकदम नेहमीसारखा दिवस हवा." खाली यंत्र लावणाऱ्या मुलीने वही पाहून सांगितलं, बुधवार सकाळी नऊ. मी गुरुवार मागू शकले असते. तोंड उघडलंही होतं. पण नेहमीसारखा दिवस हवा असं त्या म्हणाल्या होत्या, आणि माझ्या आठवड्यात बुधवारइतका माझा दिवस दुसरा नाही.

डबीबरोबर एक कागद दिला. तीन रकाने: वेळ, काय करत होतात, काय जाणवलं. आणि कागदाच्या अगदी वर एक ओळ: आज औषध किती वाजता घेतलं? पुढे रेघ. ती रेघ दिवसभर माझ्यापुढे स्टुलासमोरच्या फळीवर पडून होती. मी रकाने भरत होते. साडेनऊ, जिना चढले, धाप. अकरा ते एक, लोकरी स्वेटरची कोपर. दीड, तोंड कोरडं. अडीच, छातीत पायरी चुकली. तारा त्वचेला ओढत होत्या, ब्लाउजच्या आतून कुणीतरी लहान मुलासारखं बोटाने टोचत होतं, आणि वरची रेघ रिकामी. वाफोबा म्हणाला, "माई, परीक्षेचा पेपर आहे का? मी कॉपी पुरवू?" मी हसले, आणि हसल्याचंही लिहिलं. पण रेघेवर काय लिहू? खोटं लिहिणं शक्य नव्हतं. ते काही मोठेपणाने सांगत नाही; मला जमतच नाही, अक्षर बदलतं. आणि खरं लिहायला पेन टेकवलं तेव्हा, खरंच सांगते, त्या वेळी पहिल्यांदा मला ते वाक्य बाहेरून दिसलं. चौतीस वर्षं शेजारी बसलेल्या माणसाला रस्त्यात पाठमोरं पाहावं आणि परकं वाटावं, तसं. संध्याकाळी दिवा लावला, कमरेवर डबी तशीच, आणि जप होईना. मणी सरकत होते आणि मन त्या रेघेवर. शेवटी उठले, कागद घेतला आणि लिहिलं: *आज बुधवार. बुधवारी घेत नाही.* मग पाण्याचा पेला तोंडाला लावला. गुरुवारी पहाटे आत नेहमीची पळापळ सुरू झाली, ती या वेळी डबी ऐकत होती, आणि मागोमागचे चार कप चहाही मी रकान्यात लिहिले.

आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी तो कागद वाचला. टोपण काढलेलं होतं ते काढलेलंच राहिलं. मी पर्समधून बटणांचा डबा काढून टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. हस्तिदंती, काळी, पितळी बटणं आणि त्यांच्यात पांढऱ्या, गुलाबी गोळ्या. लांबून पाहिलं तर त्याही बटणंच वाटाव्यात. त्या रागावतील म्हणून मी मान खाली घातली होती.

"काकू," त्या म्हणाल्या, "किती बुधवार?"

"एकशे चार."

"एकशे चार वेळा ठोक्यांची गोळी एकदम बंद, दुसऱ्या दिवशी एकदम चालू. ही गोळी अशी सोडली की हृदय उसळून येतं. वर दिवसभर पाणी नाही. आणि वर चार कप चहा. गुरुवारी उसळलं की तुम्ही मला सांगायचात, त्रास होतो, आणि मी डोस वाढवायची. मी दोनदा वाढवला तो तुमच्या बुधवारसाठी!" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि ती दुसरी, रक्ताची. ती चुकली की काय होऊ शकतं ते मी तुम्हाला सांगितलं होतं. एकशे चार वेळा कुणीतरी सांभाळलंय तुम्हाला."

"तो आहेच," मी म्हटलं.

"आहे ना? मग आता त्यालाही आठवड्यातून एक सुट्टी द्या."

मला हसू आलं, आणि त्यांनाही. मग त्यांनी नोंदीचा लांब कागद पुढे ओढला आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. "अकरा ते एक काय करत होतात?" "स्वेटरची कोपर." "श्वास घेत होतात का?" मी विचार केला. खरंच विचार केला. रफूगार धागा उचलताना श्वास धरतो. हात हलू नये म्हणून. माझ्या गुरूने, ज्या म्हाताऱ्या बाईंनी मला हे शिकवलं त्यांनी, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: सुई आत, श्वास बंद. चौतीस वर्षं मी दिवसातला निम्मा वेळ श्वास धरून बसले होते आणि त्याला एकाग्रता समजत होते. पाणी बंद, श्वास बंद. मी आपल्या शरीराला काही आत येऊ देण्याच्या बाबतीत फारच कडक होते, हे त्या लांब कागदावरच्या ओबडधोबड रेघा पाहताना माझ्या लक्षात आलं, आणि का कोण जाणे, मला स्वतःची दया आली नाही, गंमत वाटली.

अटी सांगितल्या त्या अशा. गोळी रोज, सातही दिवस. मनाने कणभरही कमी करायची नाही. पाणी पुरेसं, चहा एक. अर्धा-पाऊण तास चालणं. झोप वेळेवर. काम करताना श्वास. तीन महिने असं झालं, ठोके जागेवर राहिले, तर ठोक्यांची गोळी त्या पायरीपायरीने कमी करतील. रक्ताची राहील, तिच्याशी भांडायचं नाही. सगळं कबूल होतं. फक्त बुधवार. मी दारापर्यंत गेले आणि म्हटलं, "गोळीपुरतं एक घोट पाणी घेईन." त्या म्हणाल्या, "आठ पेले." घोट आणि आठ पेले यांच्यामध्ये माझी एकतीस वर्षं होती.

ती एकतीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती. यांना माहीत होतं की बुधवारी उपास आहे. का आहे ते यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बऱ्याच संसारांत अशा बंद खोल्या असतात आणि घर नीट चालतं. लेक आठ वर्षांची होती. पोटात दुखतं म्हणत होती, आम्ही दोन दिवस अपचन समजलो. मग हॉस्पिटल, आतडं फुटलं, ऑपरेशन करायचं, तोवर तोंडात पाण्याचा थेंब द्यायचा नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत खाट मोकळी होईना, डॉक्टर मोकळे होईनात. पोर पाणी मागत होती. आधी रडून, मग हळू आवाजात, शहाण्यासारखी, "आई, फक्त ओठाला लाव." हिरव्या रंगाची भिंत होती, तिच्यावर नळ होता, नळ गळत होता. मी त्या नळाकडे पाठ करून बसले आणि म्हटलं, हिला वाचव, मी पाणी घेणार नाही. किती दिवस, ते बोलले नव्हते. बोलले नव्हते म्हणून संपत नव्हतं. वार बुधवार होता.

डबा घेऊन घरी आले तर लेक आलेली. ती शाळेत भूगोल शिकवते, एकोणचाळिशीची आहे, आणि घरात आली की कुणीतरी धडा केलेला नसावा तशी सगळ्यांकडे बघते. दवाखान्यातून मी यांना फोन केला होता, आणि यांनी तिला सगळं आधीच सांगून टाकलं होतं. "हिच्या फेऱ्या का चुकत होत्या माहितीये? आठवड्यातून एकदा चालकच रजेवर!" लेक हसली नाही. माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "बुधवार कशासाठी, आई?" मी म्हटलं, असाच. ती म्हणाली, "आई, तुला खोटं बोलता येत नाही. तुझा आवाज बदलतो." मग मी सांगितलं. हिरवी भिंत, नळ, ओठाला लाव, सगळं. सांगताना मी तिच्याकडे पाहिलं नाही, बटणं रंगांप्रमाणे वेगळी करत राहिले. यांनी खिडकीकडे तोंड केलं होतं. सांगून झालं तेव्हा लेक म्हणाली, "एकतीस वर्षं तू माझ्यासाठी तहानलेली राहिलीस आणि मला एकदा विचारलंसुद्धा नाहीस?"

"काय विचारायचं?"

"मला काय आठवतं ते!" ती उठून उभी राहिली, अगदी फळ्यासमोर राहावी तशी. "मला ती तहान आठवतच नाही. भिंत हिरवी होती? असेल. मला दुसऱ्या दिवशीचं आठवतं. तू चमच्याने पाणी दिलंस ते. स्टीलचा चमचा, दांड्याशी वाकलेला. नर्स म्हणाली एकच, आणि तू तिची पाठ वळल्यावर दुसरा दिलास. आई, तू! नेमाची बाई! मी अजून वर्गात पाणी शिकवते ना, नद्या, पाऊस, तेव्हा मला तो दुसरा चमचा आठवतो. मुलांना वाटतं बाईंना नद्या फार आवडतात."

मी तो दुसरा चमचा विसरले होते. पूर्ण विसरले होते. आता तो परत आला. त्याचा वाकलेला दांडा, पोरीचे फुटलेले ओठ, पाणी आत गेल्यावर तिने डोळे मिटले ते, आणि माझ्या छातीत त्या वेळी जे झालं होतं ते. नेमाची बाई त्या दिवशी नेम मोडून इतकी आनंदली होती की त्या आनंदाची भीती वाटून तिने तहानच तेवढी जपून ठेवली. मागणं पुरं झालं होतं. ज्याने पुरं केलं त्याच्या हातचं पाणी मी एकतीस वर्षं दर बुधवारी परत करत आले होते, आणि त्याला भक्ती म्हणत होते. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं ते हसू, तेही मणी सुटून जमिनीवर पडावेत तसं, घरभर. हे खिडकीतून वळून म्हणाले, "काय झालं? काय झालं?" लेक स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा पुष्कळ आवाज करून आली. वार मंगळवार होता. ती म्हणाली, "आज सराव. उद्यापासून खरा नेम." आणि तिने मला चमच्याने पाणी पाजलं. मग म्हणाली, "नर्सची पाठ वळली," आणि दुसरा चमचा दिला.

तेव्हापासून बुधवार मी मोडलेला नाही. उलट आता तो आधीपेक्षा कडक आहे. पहाटे दिवा, माळ, मग पहिला पेला, त्यातले पहिले दोन घोट चमच्याने. आठ पेले होईपर्यंत नेम पुरा नाही. पाण्याला चव असते हे मला सहासष्टाव्या वर्षी कळलं. गोळी आठला, हे घड्याळाखाली पेला धरून उभे असतात, आठला एक मिनिट कमी असताना देत नाहीत. "वेळेआधी सोडली तर मेमो मिळतो," म्हणतात. संध्याकाळी आम्ही दोघं चालायला जातो, पुलापर्यंत आणि परत, आणि यांनी त्याला मार्ग क्रमांक दिला आहे. पहिल्या आठवड्यात पुलाआधीच बाकावर टेकायची, हे जाहीर करायचे, "गाडी इथपर्यंतच." मग बाक मागे पडला. पुलाच्या कठड्याशी उभं राहिलं की खाली पाणी वाहताना दिसतं, त्यावर दिव्यांच्या लांबलचक वाकड्या रेघा, माझ्या नोंदीच्या कागदासारख्या, आणि मी ते पाहत उभी राहते तर हे म्हणतात, चला, सुटायची वेळ झाली.

श्वासाचं मात्र कठीण गेलं. सुई आत गेली की श्वास आपोआप थांबे. चौतीस वर्षांची आज्ञा होती. मी वाफोबाला सांगितलं. त्याने तोडगा काढला. दर वेळी इस्त्री दाबली की वाफेचा सुस्कारा निघतो. त्या सुस्काऱ्याबरोबर मी श्वास सोडायचा. "माझं मशीन बावीस वर्षं श्वास घेतंय, माई, आजवर एकदाही दवाखान्यात गेलेलं नाही." पहिले काही दिवस तो दर सुस्काऱ्याला ओरडायचा, "माई, श्वास!" आणि बाहेर काउंटरवर गिऱ्हाइकं दचकायची. हळूहळू ओरडणं बंद झालं. एक उभा सोडायचा, एक घ्यायचा, सुस्, एक सोडायचा, एक घ्यायचा, सुस्. हात हलेल अशी भीती होती. हलला नाही. म्हातारी गुरू कुठे असेल तिथून मला क्षमा करो, पण धरलेल्या श्वासापेक्षा वाहत्या श्वासावर सुई जास्त स्थिर चालते. मला वाटतं तिला ते माहीत असावं, सांगायला वेळ मिळाला नसेल.

तीन महिन्यांनी पट्टी निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तीन गोळ्यांच्या दोन केल्या, मग सहा आठवडे वाट पाहून एक. मध्ये दोनदा छातीत पायरी चुकली, एकदा लेकीकडच्या पाहुण्यांत चार कप चहा झाला तेव्हा. मी लपवलं नाही, लिहून नेलं. त्या म्हणाल्या, "शाब्बास," आणि मला शाळेत न मिळालेली शाबासकी मिळाल्यासारखं झालं. एक दिवस, कुठला ते लिहून ठेवायला हवं होतं, मी पांढऱ्या रेशमी स्कार्फवर काम करत होते आणि मला कळलं की मी बघत नाही आहे. खिडकीबाहेर एक बाई छत्री मिटत होती, ती मी बघत होते, आणि बोटं आपली चालली होती. गरम होती. परत आली होती, गुपचूप, न सांगता, माहेरी राहून आलेल्या सुनेसारखी, आणि कामाला लागली होती. मी वाफोबाला काही सांगितलं नाही. तो म्हणाला, "माई, तुम्ही गुणगुणताय."

थंडी पडल्यावर तेच गिऱ्हाईक तोच कोट घेऊन आलं. या वेळी कसर लागली होती, उजव्या खिशाच्या वर, वाटाण्याएवढी. तो म्हणाला, "मागच्यासारखंच छान करून द्या." मी हळू आवाजात म्हटलं, "मागच्यासारखं नाही करणार." त्याला ऐकू गेलं नसावं. कोट मी चार दिवस ठेवून घेतला. आतल्या शिवणीतून त्याचाच धागा काढला, काळ्यात एक तपकिरी झाक होती ती जुळवली, आणि डाव्या बाहीवरची ती जुनी गाठही उसवून नवी केली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. कोट द्यायचा दिवस आणि डॉक्टरीणबाईंनी नोंदीसाठी दिलेला दिवस एकच आला. बुधवार. मी काहीच मागितलं नव्हतं. छातीला तारा, कमरेला डबी, फळीवर कागद, वरच्या रेघेवर सकाळीच लिहिलेलं: *आठ. दोन्ही.*

गिऱ्हाइकाने कोट उजेडाकडे धरला. खिशाच्या वर अंगठा फिरवला. मी मागच्या खोलीच्या दारात उभी होते, वाफोबाने इस्त्री उचलून धरली होती, वाफ सोडत नव्हता. अंगठा खिशावरून गेला, परत आला. "थांबा हां," तो म्हणाला. चष्मा काढला. कोट उलटा केला. मग बाहीवर गेला, कोपराच्या वर, जिथे मागे थांबला होता. तिथेही थांबला नाही. "अहो, हा माझाच कोट आहे ना?" तो म्हणाला, आणि कॉलरच्या आतली चिठ्ठी बघू लागला. वाफोबाने इतकी वाफ सोडली की काउंटर दिसेना.

डॉक्टरीणबाईंनी आठवड्याने नोंद पाहिली. लांब कागद, वळणं सारखी, ओळीने बसलेली, चांगल्या कापडाच्या उभ्या धाग्यांसारखी. मला वाचता येत नव्हती तरी बघायला आवडत होती. त्या म्हणाल्या, ठोक्यांची गोळी आता अर्धी, आणि उन्हाळ्यात पुन्हा बघू. मग पेनाचं टोक एका जागी टेकवलं. "बुधवारी चार वाजून दहा मिनिटांनी एक ठोका चुकलाय. एकच. काय झालं होतं?" आणि माझा कागद पुढे ओढून तिसऱ्या रकान्यात बोटाने खाली खाली येत त्यांनी मोठ्याने वाचलं: "चार दहा. गिऱ्हाईक जागा शोधत होतं, सापडली नाही. काय जाणवलं: दुसरा चमचा."

त्यांनी टोपण लावलं. "म्हणजे काय, काकू?"

मी सांगायला सुरुवात केली, आणि मग घसा कोरडा पडला म्हणून त्यांच्या टेबलावरचा पाण्याचा पेला मागितला. आवाज बहुतेक नेहमीपेक्षा मोठा असावा. त्यांना पुन्हा विचारावं लागलं नाही.